घाटाखालचा कोरा रकाना

पोलीस खात्यात उभी नोकरी काढली असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या मिशीकडे पाहतो, मग विचारतो, "किती चोर पकडले?" एकही नाही. मी काठी कधी हातात धरली नाही. बुलडाण्याच्या जिल्हा पोलीस कचेरीत मी कारकून होतो. जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांवरून येणारे गुन्ह्यांचे आकडे एकत्र करायचे आणि महिन्याचा गोषवारा वर पाठवायचा, एवढंच माझं काम. चोरी करणारा कोण, हे मला कधीच कळलं नाही. कुठल्या भागात चोऱ्या वाढल्या, ते मात्र ठाणेदाराच्या आधी मला कळायचं.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे. प्रत्येक ठाण्यात एक मोहरर असायचा. मोहरर म्हणजे ठाण्याचा लेखनिक हवालदार. माणूस फिर्याद घेऊन आला की ती वहीत उतरवायची ती त्यानं. महिना संपला की तो त्या वहीवरून एक तक्ता भरून माझ्याकडे पाठवायचा. खून, दरोडा, घरफोडी, जनावरांची चोरी असे रकाने डावीकडून सुरू व्हायचे. अगदी उजव्या टोकाला तीन अरुंद रकाने असायचे: स्त्रीला पळवून नेणं, विनयभंग आणि बलात्कार. कागदाची घडी नेमकी तिथंच पडायची, त्यामुळे ते आकडे बहुतेक पुसट असायचे.

आमचा वऱ्हाड आधी मध्यप्रदेशात, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. चार वर्षांत दोनदा राज्य बदललं आणि दोन्ही वेळा फॉर्म बदलले. जुने मोहरर गोंधळून जायचे. एकदा एका मोहररनं चोरीला गेलेली म्हैस "पळवून नेणे" या रकान्यात घातली. आम्ही कचेरीतले सगळे चार दिवस हसत होतो. नव्या कारकुनांना तो तक्ता मुद्दाम काढून दाखवायचो. आज आठवलं की हसू येत नाही. त्या रकान्यात बाया असतात, हे आम्हाला कोणालाच जाणवत नव्हतं, असाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा आम्हाला नवे एस.पी. साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, शिस्तीचे. त्यांनी जिल्ह्याचा एक मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि मला सांगितलं, "गावंडे, मागच्या दोन वर्षांचे गुन्हे यावर मांडा. प्रत्येक प्रकाराला वेगळी शाई."

आमचा जिल्हा म्हणजे घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर आणि पार जालन्याच्या हद्दीपर्यंतची गावं. घाटाखाली नांदुरा, मलकापूरकडची काळी कापसाची जमीन. मी घाटाखालचा, वडनेर भोलजीचा. उजवीकडच्या तीन रकान्यांसाठी मी लाल शाई घेतली. नकाशा पुरा झाला तेव्हा घाटावर, जालन्याच्या बाजूच्या एका ठाण्याभोवती लाल ठिपक्यांची गर्दी झाली होती. घाटाखाली एकदोन ठिपके, आणि एक ठाणं तर साफ कोरं. दोन वर्षांत तिन्ही रकान्यांत शून्य.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आपला भाग सभ्य आहे, असं मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या वहीतला असन सभ्य." मी तिच्याशी वाद घातला नाही, पण मनावरही घेतलं नाही.

वरून पत्र आलं: घाटावरच्या त्या ठाण्यात स्त्रियांविरुद्धचे गुन्हे का वाढत आहेत, याचा खुलासा करा. साहेबांनी त्या ठाण्याच्या मोहररला मेमो काढला. मोहररचं नाव करीमखाँ. पेन्शनीला दीड वर्ष उरलेला माणूस. शनिवारी वह्या घेऊन साहेबांसमोर हजर राहायचा त्याला हुकूम होता. त्याआधी मी दोन्ही ठाण्यांच्या वह्या पाहून यायच्या, लाल ठिपक्यांच्या ठाण्याच्या आणि कोऱ्या ठाण्याच्या, असं साहेबांनी ठरवलं. "माणसांत फरक आहे का हवेत, ते मला कळलं पाहिजे," असं ते म्हणाले.

आधी मी घाटावर गेलो. करीमखाँ उंच, वाळका, मेंदी लावलेल्या दाढीचा. मूळचा रोहिणखेडचा, म्हणजे घाटाखालचाच. मेमोमुळे घाबरला असेल असं मला वाटलं होतं. तो जेवणाचा डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "खा बाबू, मंग पाहा वह्या. वह्या काही पळून नाही चालल्या."

मी दोन दिवस त्याच्या शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी एक बाई आली, नवऱ्याच्या भावाची तक्रार घेऊन. करीमखाँनं शिपायाला बाहेर पाठवलं, दार सताड उघडं ठेवलं आणि बाईला भिंतीला टेकून बसायला सांगितलं. ठाण्यामागच्या घरातून त्याची बीबी येऊन बाईजवळ बसली. त्यानं काही विचारलं नाही. नुसती दौत पुढे ओढली. बाई बराच वेळ बोलली नाही, हाही बोलला नाही. मग ती बोलली आणि तो तिच्याच शब्दांत लिहीत गेला. "सदर इसमाने वाईट हेतूने" वगैरे आमची खात्याची भाषा त्यात नव्हती. शेवटी त्यानं सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाई, यात माह्यं काही घुसलं का? घुसलं असन तं काढून टाकतो."

ती गेल्यावर मी विचारलं, "खाँसाहेब, इथले लोक एवढे खराब काऊन?"

तो हसला. "लोक? बाबू, मी सहा ठाणे पाहिले. घाटाखाली बी होतो. तिथं बी बाया येत होत्या. ठाणेदार म्हणे, मोहरर, चांगला तक्ता कायले खराब करून राह्यला? म्या तरी लिवलं. तं मले उचलून इथं फेकलं."

बुलडाण्याला परतल्यावर मी जुने तक्ते काढले. धूळ झटकून एक दुपारभर बसलो. पाच वर्षांपूर्वी उजवीकडचे रकाने भरलेलं ठाणं वेगळंच होतं, घाटाखालचं. त्याच्याही आधी तिसरंच. सेवापुस्तक काढून ताडून पाहिलं. करीमखाँ जिथं जिथं गेला तिथं तिथं ते आकडे गेले होते, आणि त्याची बदली झाली की महिन्याभरात मागचं ठाणं कोरं झालं होतं. मी इतकी वर्षं जिल्ह्याचा गोषवारा म्हणून जे वर पाठवत होतो, तो एका माणसाच्या बदल्यांचा इतिहास होता.

शुक्रवारी मी कोऱ्या ठाण्यात गेलो. त्याचं नाव लिहीत नाही; तिथले बहुतेक लोक आता राहिले नाहीत. मोहरर गोरागोमटा, गोडबोल्या. वह्या कशा स्वच्छ. मी त्या चाळत असताना एक म्हातारा आणि एक बाई दारात आले.

बाई पंचविशीची असेल. यशोदा तिचं नाव, आणि म्हातारा तिचा बाप कोंडुबा. हे मला नंतर कळलं. परवा ज्वारीच्या सोंगणीवर असताना शेतमालकाच्या पुतण्यानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. म्हाताऱ्यानं एवढं एका वाक्यात सांगितलं आणि तो जमिनीकडे पाहत उभा राहिला.

मोहरर रागावला नाही, ओरडला नाही. अगदी मायेनं म्हणाला, "हे पाहा बाबा, नवरा कुठं आहे हिचा?"

"भुसावळले. रेल्वेच्या गँगमंदी."

"त्याले माहीत आहे? नाही ना? त्याले कळलं तं नांदवन का तो? आधी त्याले विचारा. गावच्या पाटलाले घेऊन या. इज्जतीची गोष्ट आहे, घाई नाही करा लागत."

"पाटील त्याईच्याच घरचा हाय," म्हातारा म्हणाला.

"मंग तं बरंच झालं. घरातल्या घरात मिटन."

एवढंच. वहीला हात लागला नाही, दौतीचं झाकण उघडलं नाही. ती दोघं आली तशी गेली, आणि मोहरर मला म्हणाला, "चहा सांगू का बाबू?"

मी काय केलं? मी चहा प्यालो. हे लिहिताना आजही लाज वाटते. मी कारकून, मला फिर्याद घेण्याचा अधिकार नाही, मी वह्या तपासायला आलोय, असं सगळं मनाशी म्हणत मी तो अर्धा कप संपवला. मग वहीत त्या दिवसाचं पान समोर आलं. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: शांतता. मी उठलो. मोहररला म्हटलं, गाडीची वेळ झाली.

ती दोघं फाट्यावर कडुलिंबाखाली बसली होती. मी जवळ गेलो तर म्हातारा उभाच राहिला. मी सांगितलं की मी बुलडाण्याच्या कचेरीतला आहे, तुम्हाला मोठ्या साहेबांकडे नेतो.

"तुमी बी पोलिसातलेच ना?" म्हातारा म्हणाला. "एकानं गोड बोलून हाकललं. तुमी बुलडान्याले नेऊन हाकलसान."

साहेब ऐकतील की मलाच विचारतील, तुला हे कोणी सांगितलं, याची मला तरी कुठं खात्री होती? तसं मी त्याला सांगून टाकलं. "काय होईन ते मले माहीत नाही बाबा. माझ्या नोकरीचंही सांगता येत नाही. पण तिथं एक मोहरर उद्या येणार आहे, तो लिहून घेतो."

म्हाताऱ्यानं एकदा लेकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमी आता बौद्ध झालो बाबू. पहिलेचे दिवस असते तं म्या हिले गुपचूप घरी नेलं असतं. इथपर्यंत आलो तेच मले लय वाटलं."

तेव्हा यशोदा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे नव्हे, बापाकडे पाहून. "एका जागी सांगाले आलोच ना बाबा. दुसऱ्या जागी सांगू. घरी जाऊन तं कोनाले सांगता येनार नाई."

त्या रात्री ती दोघं माझ्या घरी राहिली. माझ्या बायकोनं यशोदाला काही विचारलं नाही. आंघोळीला पाणी तापवलं, तेव्हा यशोदानं नको म्हटलं; कपडे तसेच ठेवायचे, दवाखान्यात दाखवायचे, एवढं तिला कोणी न सांगता कळत होतं.

सकाळी साहेब नकाशासमोर उभे होते आणि करीमखाँ वह्या काखेत घेऊन टेबलासमोर. मी जुन्या तक्त्यांचं सगळं सांगितलं. एका दमात, कारण थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं. मग सांगितलं की कोऱ्या ठाण्यातून परत पाठवलेली एक बाई बाहेर व्हरांड्यात बसली आहे.

साहेबांचा चेहरा लाल झाला. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं. ते म्हणाले, "तुम्ही तिला घेऊन आलात? कोणाच्या परवानगीने?"

"कोणाच्या नाही, साहेब."

ते खिडकीशी गेले. व्हरांड्यातली ती दोघं तिथून दिसत होती. परत आले ते वेगळ्याच आवाजात बोलले. "करीमखाँ, मेमोचं नंतर बघू. आधी हिचं लिहून घ्या. सर्कल इन्स्पेक्टर साहेबांना बोलवा, सही त्यांची राहील."

फिर्याद कचेरीच्या मागच्या खोलीत लिहिली गेली, दार उघडं ठेवून, माझी बायको यशोदाजवळ बसलेली. दवाखान्यातल्या नर्सबाई नंतर तिला घेऊन गेल्या. लिहिलेलं वाचून दाखवताना करीमखाँनं "मी घाबरली" असं वाचलं, तर यशोदा म्हणाली, "तसं नाई मी म्हनली. मी घाबरली नव्हती. माह्या हातात इळा होता. त्यानं तो हिसकला अन् कडब्याच्या गंजीवर फेकला, तवा घाबरली." त्यानं ते खोडलं, तिच्या शब्दांत पुन्हा लिहिलं, आणि खोडलेल्या जागी तिचा अंगठा घेतला. इळा म्हणजे ज्वारी सोंगायचा विळा. दुसऱ्या दिवशी तपासाला गेलेल्या सर्कल साहेबांना तो गंजीवरच सापडला, मुठीला तिनं बांधलेल्या चिंधीसकट. पुतण्याला त्याच संध्याकाळी धरलं.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. गावानं कोंडुबाच्या घराला काम देणं बंद केलं. शेतमालक दोनदा साहेबांना भेटून गेला. कोऱ्या ठाण्याच्या मोहररला कचेरीत आणून जावक-आवक सांभाळायला बसवलं, आणि तो रोज माझ्या शेजारच्या टेबलावरून मला तितक्याच गोड आवाजात नमस्कार करायचा. साहेबांनी सगळ्या ठाण्यांना हुकूम काढला: बाई फिर्याद घेऊन आली तर आधी लिहा, मग विचारायचं ते विचारा. परिणाम व्हायचा तोच झाला. घाटाखालचे रकाने भरू लागले आणि वरून पत्र आलं: या जिल्ह्यात स्त्रियांविरुद्धचे गुन्हे अचानक का वाढले?

उत्तराचा मसुदा साहेबांनी मला सांगितला आणि मी टाइप केला. त्यातलं एक वाक्य आठवतं: "गुन्हे पूर्वीइतकेच असावेत, पूर्वी ते आमच्यापर्यंत पोहोचू दिले जात नव्हते." वरच्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. साहेबांची वर्षभरात बदली झाली. पण करीमखाँचा मेमो त्यांनी जाण्याआधी रद्द केला आणि त्याच कागदावर शेरा लिहिला, की याच्याकडून इतर मोहररांनी शिकावं. करीमखाँला मी तो वाचून दाखवला. तो म्हणाला, "शिकाले काय आहे बाबू त्यात? गप बसाचं असते." आणि चष्मा पुसत बसला.

सगळ्यांना एकच धास्ती होती, यशोदाच्या नवऱ्याची. त्याला पत्र कोणी लिहायचं, इथून सुरुवात होती. शेवटी करीमखाँनं लिहिलं. काय लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही. महिनाभर उत्तर नाही. मग एक दिवस काळासावळा, रुंद खांद्यांचा एक माणूस कचेरीत येऊन उभा राहिला, हातात रेल्वेचा कंदील ठेवायची पिशवी. म्हणाला, "मी यशोदाचा मालक. रजा भेटत नव्हती. तारीख कवाची हाय?" त्यानंतर एकही तारीख त्यानं चुकवली नाही. कोर्टाच्या बाकावर तो तिच्या शेजारी बसायचा.

सेशन कोर्टात आरोपीच्या वकिलानं सगळा जोर फिर्यादीवर लावला. ही फिर्याद पोलिसांनी रचली आहे, अडाणी बाई असं सांगूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. जज्जसाहेबांनी कागद मागवला आणि स्वतः वाचला. मग यशोदाला विचारलं, "हे खोडलेलं काय आहे?"

ती म्हणाली, "खाँसाहेबानं लिवलं की मी घाबरली. मी तसं म्हनली नव्हती." आणि पुढचं सगळं, इळा, गंजी, चिंधी, तिनं जसंच्या तसं सांगितलं. सात-आठ महिन्यांनीही शब्द तेच. वकील खाली बसला.

निकाल श्रावणात लागला. सक्तमजुरी. मी कचेरीतून धावत कोर्टात गेलो होतो, दाराशी उभा होतो. शिक्षा ऐकून कोणी ओरडलं नाही की रडलं नाही. कोंडुबानं मला विचारलं, "झालं का बाबू? आता अजून कुठं जाव लागते?" मी म्हटलं, "कुठंच नाही. आता घरी." त्यानं तेच वाक्य वळून लेकीला सांगितलं, जसं काही तिनं ऐकलंच नव्हतं. मला माझेच खांदे हलके झाल्यासारखे वाटले. इतके दिवस ते जड होते, हे तेव्हा कळलं.

मला त्या दिवशी घरच्या कामानं वडनेरला जायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याच गाडीत बसलो. मोताळ्यावरून नांदुऱ्याला जाणारी एस.टी., दुपारची. घाट उतरेपर्यंत यशोदा खिडकीतून बाहेर पाहत होती. घाट संपला, दोन्हीकडे कापसाची हिरवी पऱ्हाटी सुरू झाली आणि तिची मान हळूहळू कलत नवऱ्याच्या खांद्यावर टेकली. तोंड अर्धवट उघडं, पदर खाली घसरलेला, लहान लेकरासारखी गाढ झोपली. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, पण ती हलली नाही.

त्यांचा फाटा आला. कंडक्टरनं घंटी ओढली, कोंडुबा पिशवी घेऊन उठला. नवरा जागचा हलला नाही. त्यानं खांदा तसाच ताठ ठेवला आणि मोकळा हात वर करून कंडक्टरला खुणेनं सांगितलं, जाऊ द्या. मग सासऱ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाला, "बसा मामा. निजू द्या तिले. नांदुऱ्यापर्यंत जाऊ अन् चालत मांगं येऊ."

कंडक्टरनं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि दुहेरी घंटी मारली.